करार दुसऱ्यांचा, हक्क कोणाचा?

आमच्या कचेरीत एक वृद्ध बाई एका वाटणीपत्राची नक्कल घेऊन आल्या, त्यास आता बराच काळ लोटला. परंतु त्या कागदाने उपस्थित केलेला प्रश्न आमच्या मनातून गेलेला नाही, आणि तो आमच्या वाचकांपुढे मांडणे आम्हांला अगत्याचे वाटते. बाई विधवा, निपुत्रिक. भाऊ आणि भावजय अकाली वारल्यावर त्यांच्या दोन मुलग्यांना याच आत्याबाईंनी वाढविले. चार घरची धुणीभांडी करून त्यांच्या शाळेची फी भरली. मुलगे कमावते झाले, दोघांनी मिळून जागा घेतली, घर बांधले, आणि पुढे घरोघरी होते तेच होऊन त्या घराची वाटणी झाली. वाटणीपत्र रीतसर स्टँपावर लिहिले गेले व नोंदलेही गेले. त्यात एक कलम असे होते की, धाकट्याने घराचा मोठा भाग घ्यावा आणि त्याबद्दल आत्याबाईंना त्यांच्या हयातीपर्यंत दरमहा दीड हजार रुपये द्यावेत व मागची खोली त्यांच्याकडे राहू द्यावी. दोन वर्षे पैसे मिळाले, मग थांबले. बाईंनी विचारले तेव्हा भाचा म्हणाला, "आत्या, करार माझा आणि दादाचा आहे. तुझी सही त्यावर कुठे आहे?"

हे उत्तर कृतघ्नपणाचे होते यात शंका नाही. पण ते मूर्खपणाचे नव्हते. कोणी तरी जाणत्याने ते त्याला शिकवून पाठविले असावे. कारण दोन माणसांनी तिसऱ्याच्या भल्यासाठी करार केला, तर त्या तिसऱ्याला तो करार कोर्टात धरून बसता येतो काय, हा कराराच्या कायद्यातील एक जुना आणि अजूनही पुरता न सुटलेला प्रश्न आहे. ज्यांच्या नावाने करार होतात पण ज्यांना करार करताना कोणी बोलावीत नाही, अशी माणसे आपल्या घरांत थोडी नाहीत. म्हातारे आईबाप, माहेरी परत आलेली बहीण, अज्ञान मुले, चाळीतील भाडेकरू, कंत्राटदाराकडे राबणारा मजूर, या साऱ्यांना हा प्रश्न आज ना उद्या भेटतो. सबब तो समजून घेणे ही केवळ वकिलांची बाब नव्हे.

या विषयावरचा जो इंग्रजी निवाडा कायद्याच्या महाविद्यालयात पहिल्याच वर्षी शिकविला जातो, तो १८६१ सालचा, ट्वेडल विरुद्ध अॅटकिन्सन. एका मुलाचे व एका मुलीचे लग्न झाले. लग्नानंतर दोन्ही व्याह्यांनी आपसांत लेखी करार केला की, मुलीच्या बापाने जावयाला दोनशे पौंड द्यावेत आणि मुलाच्या बापाने शंभर. इतकेच नव्हे, तर ही रक्कम वसूल करण्यासाठी जावयाला दावा लावण्याचा पूर्ण अधिकार राहील, असेही त्या कागदात स्पष्ट लिहिले होते. सासरा पैसे न देताच वारला. जावयाने त्याच्या मिळकतीच्या व्यवस्थापकावर दावा लावला आणि तो हरला. न्यायाधीश म्हणाले की, या करारासाठी जावयाने स्वतः काही मोबदला दिलेला नाही. तो या कराराला परका आहे. ज्याच्यासाठी करार झाला, ज्याचे नाव करारात आहे, ज्याला दावा लावण्याची मुभाही करारातच दिली आहे, तोच परका! महाविद्यालयात हे वाचताना आम्हांला जे नवल वाटले, ते वकिली करून इतकी वर्षे झाली तरी ओसरलेले नाही.

आपल्याकडचा करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या दुसऱ्या कलमात मोबदल्याची जी व्याख्या आहे, तिच्यात हिंदुस्थानापुरता एक महत्त्वाचा फरक झाला. मोबदला वचन घेणाऱ्यानेच दिला पाहिजे असे नाही. तो "अन्य कोणी" दिला तरी चालतो. याचा अर्थ मद्रास उच्च न्यायालयाने १८८२ साली चिन्नय्या विरुद्ध रामय्या या खटल्यात लावला. एका वृद्ध बाईने आपली जमीन मुलीला बक्षीस दिली, आणि मुलीने आईच्या भावंडांना दरसाल ठरावीक रक्कम द्यावी असे बक्षीसपत्रात लिहिले. मुलीने त्याच सुमारास त्या नातलगांना तसे वेगळे वचनपत्रही करून दिले आणि मग पैसे देण्याचे नाकारले. तिचे म्हणणे, तुम्ही मला काय दिलेत? न्यायालयाने सांगितले की, आईने जमीन दिली तोच मोबदला. तो नातलगांच्या खिशातून यायला हवा असे आपला कायदा म्हणत नाही.

परंतु या निवाड्यावरून पुष्कळांचा जो गैरसमज होतो तो येथे दूर केला पाहिजे. चिन्नय्याच्या खटल्यात वचन त्या नातलगांनाच दिलेले होते. ते करारात पक्षकार होते, फक्त मोबदला दुसऱ्याने दिला होता. आमच्या आत्याबाईंची गोष्ट उलट होती. वचन भावाने भावाला दिले होते. त्या केवळ फळाच्या धनी. मोबदला दुसऱ्याने दिला तर चालेल, पण वचन मात्र आपल्याला मिळालेले असले पाहिजे, हा भेद बारीक आहे, आणि गरिबांचे दावे नेमके अशाच बारीक भेदांत अडकून पडतात.

आत्याबाईंसारख्यांसाठी वाट काढली ती १९१० साली प्रिव्ही कौन्सिलने, नवाब ख्वाजा मुहम्मद खान विरुद्ध नवाब हुसेनी बेगम या खटल्यात. खटल्याची मंडळी नवाब घराण्यातील होती, पण त्यातील प्रश्न झोपडीतही तोच असतो. १८७७ साली दोन अज्ञान मुलांचे लग्न ठरले. मुलाच्या बापाने लिहून दिले की, सुनेला दरमहा पाचशे रुपये खर्च-इ-पानदान म्हणून कायम मिळत राहतील, आणि त्यासाठी अमुक मिळकतीवर बोजा राहील. खर्च-इ-पानदान म्हणजे बाईच्या स्वतःच्या खर्चाचा पैसा. आपल्याकडच्या चोळीबांगडीची आठवण व्हावी असाच. लग्न झाले, सून नांदली, आणि १८९६ साली नवऱ्याशी बेबनाव होऊन ती घराबाहेर पडली. पुढे तिने थकलेल्या रकमेसाठी सासऱ्यावर दावा लावला. सासऱ्याने नेमका तोच १८६१ सालचा इंग्रजी निवाडा पुढे केला. करार झाला तो वडीलधाऱ्यांत; ही त्यात पक्षकार नाही.

प्रिव्ही कौन्सिलने तो बचाव मानला नाही. या देशात आईबाप आणि पालक हेच अज्ञान मुलांची लग्ने ठरवितात. अशा ठिकाणी लग्नाच्या निमित्ताने झालेल्या करारांना इंग्रजी नियम सरसकट लावला तर घोर अन्याय होईल, असे न्यायाधीशांनी सांगितले. मिळकतीवर बोजा ठेवलेला आहे, लाभ कोणाला द्यायचा हे स्पष्ट आहे, सबब ती स्वतःच्या नावाने दावा लावू शकते. सासऱ्याचा दुसरा मुद्दा असा की, बाई नवऱ्याच्या घरी नांदत नाही, मग पानदानाचा खर्च कसला? त्यावर उत्तर मिळाले की, करारात तशी अट नाही. जी अट लिहिली नाही ती मागाहून घालता येणार नाही. हा दुसरा भाग पाठ्यपुस्तकांत बहुधा एका ओळीत उरकतात. आम्हांला तो पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. बाईचा हक्क तिच्या चालचलणुकीवर टांगून ठेवण्याची जी खोड आपल्या समाजांत सर्वत्र आहे, ती तेथे चालली नाही.

त्याच सुमारास मद्रास उच्च न्यायालयापुढे आमच्या आत्याबाईंच्या कागदाशी जवळजवळ जुळणारा मामला आला होता. दोन भावांनी वाटणीच्या वेळी ठरविले की, आईच्या पोटापाण्यासाठी दोघांनी समान हिस्से घालून एक रक्कम गुंतवावी. मग ती गुंतवली नाही. आई करारात नव्हती, तरी तिला ती गुंतवायला लावण्याचा हक्क आहे असे न्यायालय म्हणाले. त्याआधी १९०५ साली पंजाबात नवऱ्याच्या छळामुळे घर सोडलेल्या बाईच्या बापाशी नवऱ्याने करार केला होता की, नीट वागवीन, नाही तर वेगळी पोटगी व राहायला जागा देईन. करार सासरे-जावयांतला, आणि दावा बायकोचा. तरी तो चालला. १९३८ साली प्रिव्ही कौन्सिलने आणखी एक वाट स्पष्ट केली. बापाने एका मुलाच्या ताब्यात सारी इस्टेट दिली ती या अटीवर की, अनौरस भाऊ वयात आल्यावर त्याला ठरलेली रक्कम व एक गाव द्यावे. येथे ती इस्टेट घेणारा मुलगा विश्वस्त झाला, आणि विश्वस्ताकडे ज्याचे हित सोपविले आहे त्याला करारात सही नसतानाही मागता येते, असे ठरले.

अशा रीतीने नियम आहे तो असा की, करारात जो पक्षकार नाही त्याला कराराखाली दावा नाही. आणि त्या नियमाला अपवाद आहेत ते असे. त्याच्यासाठी विश्वस्तव्यवस्था निर्माण झाली असेल, मिळकतीवर त्याच्या हिताचा बोजा असेल, करार लग्नाच्या निमित्ताने किंवा कुटुंबातील वाटणी-तडजोडीचा असेल, अथवा देणाऱ्याने मागाहून त्याच्यापाशी स्वतः कबुली दिली असेल, तर त्याला दार उघडते. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या पंधराव्या कलमातही लग्नाच्या व्यवस्थापत्राखाली आणि एकाच कुटुंबातील संशयित हक्कांच्या तडजोडीखाली ज्याला लाभ आहे, त्याला कराराची अंमलबजावणी मागता येते.

मात्र हे दार सर्वांसाठी नाही, आणि ते सर्वांसाठी नसण्यातही काही अर्थ आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने चाको विरुद्ध स्टेट बँक ऑफ त्रावणकोर या खटल्यात हा नियम पुन्हा ठामपणे सांगितला. एका बापाने एका बँकेला दुसऱ्याच्या कर्जाची हमी दिली होती. पुढे त्याने कुटुंबातील माणसांना मिळकत वाटून दिली आणि त्या कागदात लिहिले की, हमीपोटी काही देणे निघालेच तर ते अमुक मुलाने आपल्या मिळकतीतून भागवावे. बँकेने तोच कागद उचलून मुलाच्या मिळकतीवर आपला बोजा आहे असा दावा केला. न्यायालयाने तो मानला नाही. तो घरातल्या माणसांचा घरातला बंदोबस्त होता. बँक त्याला परकी होती, आणि त्या शब्दांनी बोजाही निर्माण झाला नव्हता. येथे पाहा, ज्या भिंतीवर आत्याबाईंचे डोके आपटत होते, तीच भिंत एका कुटुंबाला सावकाराच्या हातापासून वाचवून गेली. सबब नियमच मोडून काढा असे आम्ही म्हणत नाही. ज्याच्या भल्यासाठी वचन दिले तो, आणि ज्याला त्या वचनाचा ओझरता फायदा होतो तो, यांत फरक केला पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

हा फरक करण्यात खुद्द इंग्लंडला किती वेळ लागला ते पाहण्यासारखे आहे. लँकाशायरमधील एका म्हाताऱ्या कोळसाविक्याने १९६२ साली आपला धंदा पुतण्याला दिला. अट अशी की, जिवंत असेपर्यंत काकाला आठवड्याला साडेसहा पौंड, आणि त्याच्या पश्चात काकूला आठवड्याला पाच पौंड. काका वारला. पुतण्याने काकूला एकदा पाच पौंड दिले आणि मग हात आखडता घेतला. बेस्विक विरुद्ध बेस्विक या नावाचा हा खटला १९६७ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. काकू जिंकली, पण कशी? स्वतःच्या हक्काने नव्हे. नवऱ्याच्या मिळकतीची व्यवस्थापक म्हणून तिची नेमणूक झालेली होती, म्हणून मृत नवऱ्याच्या वतीने ती पुतण्याला करार पाळायला लावू शकली. व्यवस्थापक म्हणून जर दुसऱ्याच कोणाची, समजा त्या पुतण्याचीच, नेमणूक झालेली असती, तर तिच्या हाती काय राहिले असते? अमेरिकेत न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्रयस्थाचा असा हक्क १८५९ सालीच मान्य केला होता. इंग्लंडात १९३७ साली एका समितीने कायदा बदला म्हणून सांगितले, आणि प्रत्यक्ष कायदा झाला १९९९ साली. आता तेथे करारात त्रयस्थाला लाभ द्यावयाचा आहे असे स्पष्ट असेल, त्याचा नावाने किंवा वर्णनाने उल्लेख असेल, तर तो स्वतः दावा लावू शकतो. करार होताना तो जन्मलेला नसला तरी.

आणि आपल्याकडे? आपल्या विधि आयोगाने, सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली, १९५८ साली तेराव्या अहवालात नेमकी हीच शिफारस केली होती. करार कायद्यात ३७-अ हे नवे कलम घाला, कराराने ज्याला थेट लाभ दिला आहे त्याला स्वतःच्या नावाने दावा लावू द्या, असे तिचे स्वरूप होते. इंग्लंडच्या कायद्याच्या एकेचाळीस वर्षे आधी! ते कलम आजपर्यंत कायद्याच्या पुस्तकात आलेले नाही. संसदेत जे आपले प्रतिनिधी म्हणून बसतात त्यांच्यापैकी कोणी या अहवालावरची धूळ झटकील तर त्याने एक मोठे काम केले असे होईल. कारण या कलमावाचून अडते ते धनिकांचे नव्हे. धनिकांचे वकील करार लिहितानाच साऱ्यांच्या सह्या घेतात.

काही क्षेत्रांत कायदेमंडळाने तुकड्यातुकड्याने दारे उघडली आहेत, ती माहीत असावीत. मोटारीखाली सापडलेल्या माणसाचा विमा कंपनीशी काही करार नसतो, तरी मोटार कायद्याने कंपनीला त्याची भरपाई द्यावी लागते. ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे भरणाराच नव्हे, तर ज्याच्यासाठी सेवा घेतली तोही ग्राहक; १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयात दाखल केलेले मूल आणि त्याचे आईबाप या दोघांनाही ग्राहक मानले. कंत्राटदाराने मजुरी बुडविली तर ती मूळ मालकाने द्यावी, अशी तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने केली, आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेतही ती ठेवली आहे. नगरपालिकेची सफाई करणारा आपला माणूस नगरपालिका आणि कंत्राटदार यांच्या करारात कुठेच सही करीत नाही. म्हणून ही तरतूद त्याने तोंडपाठ करावी.

विम्याच्या बाबतीत मात्र मोठा घोटाळा आहे. कागदावर ज्याचे नाव नॉमिनी म्हणून लिहिले तोच पैशाचा मालक, अशी समजूत घरोघर आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली सांगितले की, नॉमिनी हा केवळ पैसे स्वीकारणारा. मालक ते वारस. २०१५ च्या दुरुस्तीने आयुर्विम्यापुरता हा नियम बदलला. विमेदाराने स्वतःचे आईबाप, पतिपत्नी किंवा मुले यांना नेमले असेल तर तो पैसा त्यांचाच होतो. भाऊ, आत्या, मानलेला मुलगा यांना ही सवलत नाही. आणि कंपनीच्या भागांविषयी तर २०२३ साली पुन्हा ठरले की, नॉमिनी मालक होत नाही. ज्याला खरोखर द्यायचे आहे त्याच्यासाठी मृत्युपत्र करा, केवळ नॉमिनीचे नाव घालून निश्चिंत होऊ नका.

आता आपल्या घरच्या कागदांविषयी दोन शब्द. वाटणीपत्र असो, लग्नातील देण्याघेण्याचा कबुलीजबाब असो, म्हाताऱ्यांच्या सांभाळाचा करार असो, ज्याच्या हितासाठी कलम घातले त्याला पक्षकार करा आणि त्याची सही किंवा अंगठा घ्या. याला एका ओळीची जागा लागते, पैसा लागत नाही. दरमहा द्यावयाची रक्कम असेल तर ती कोणत्या मिळकतीवर बोजा म्हणून राहील ते घर क्रमांक, गट क्रमांक आणि चतुःसीमेसह लिहा. "आईला सांभाळावे" एवढ्या शब्दांवर कोर्टात काही उभे राहत नाही. किती, कधीपासून, कोणत्या तारखेला, न दिल्यास कशातून, हे लिहावे. शंभर रुपये किंवा अधिक किमतीच्या स्थावरावर बोजा ठेवणारा कागद नोंदविलाच पाहिजे, नाही तर तो पुराव्यात घेतला जात नाही. आणि पैसे थकले तर स्वस्थ बसू नका. सर्वसाधारणपणे रकमेच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, स्थावरावर बोजा असेल तर बारा. हा बोजाचा आणखी एक फायदा.

मुंबईत ज्या चाळी पाडून नव्या इमारती होत आहेत, तेथे मालक आणि विकासक यांच्यात झालेल्या करारात "सर्व भाडेकरूंना जागा देण्यात येईल" असे वाक्य असते, आणि त्या वाक्यावर भरवसा ठेवून माणसे खोल्या खाली करतात. हा करार त्यांचा नव्हे. खोली सोडण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या नावाने कायमच्या पर्यायी जागेचा करार करून तो नोंदवून घ्यावा. क्षेत्रफळ, मजला, भाड्याची रक्कम आणि मुदत त्यात असावी. विहार बांधण्यासाठी वर्गणी जमविणाऱ्या मंडळींनाही हेच सांगणे आहे. चार पुढाऱ्यांनी स्वतःच्या नावाने ठेकेदाराशी करार केला, आणि काम अर्धवट राहिले, तर वर्गणीदार शंभर असोत की हजार, त्या करारात ते त्रयस्थच. संस्था १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदवा, करार संस्थेच्या नावाने करा. मग हितसंबंधी म्हणून वर्गणीदारांना धर्मादाय आयुक्तांकडे जाण्याची वाट राहते.

आत्याबाईंचा दावा आम्ही तालुक्याच्या कोर्टात लावला. भाच्याच्या कैफियतीत अपेक्षेप्रमाणे पहिलाच आक्षेप होता की, वादी करारात पक्षकार नाही, सबब दावा चालण्यास पात्र नाही. आम्ही १९१० चा निवाडा दाखल केला. कुटुंबातील वाटणीचा करार आहे हे कागदावरूनच उघड होते. मोठ्या भाच्याला साक्षीला बोलाविण्याची वेळ आली तेव्हा धाकट्याने तडजोड केली. थकलेली रक्कम चार हप्त्यांत, दरमहाची रक्कम पूर्ववत, आणि तिच्यासाठी त्याच्या वाट्याच्या भागावर बोजा. पुरशिसावर सही करायची वेळ आली तेव्हा आत्याबाईंनी चष्मा काढून पुसला आणि सावकाश, एकेक अक्षर जोडीत, आपले नाव लिहिले. बाहेर व्हरांड्यात मोठा भाचा उभा होता. आम्ही त्याला विचारले की, वाटणीपत्राच्या वेळीच हिची सही का घेतली नाहीत? तो म्हणाला, "तिच्या सहीला कोणाचीच हरकत नव्हती, साहेब. दस्त लिहिणाऱ्याने विचारले नाही, आणि आम्हांलाही सुचले नाही. ती आतल्या खोलीत चहा करीत होती."